नभोवाणीच्या लोकप्रिय श्रवणसंस्कृतीचे भौतिक अवशेष : अक्कलकोट परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्रपटगीतांच्या प्रसारणाने लहान शहरांतील व खेड्यांतील सामान्य माणसाचे सांस्कृतिक जीवन मोठ्या प्रमाणावर घडविले. हे प्रसारण ध्वनिरूप असल्याने ते हवेत विरून गेले. मागे राहिल्या त्या परवाना-पुस्तिका, कार्यक्रमपत्रिका, श्रोत्यांच्या वह्या, पोहोचपत्रे, विक्रेत्यांची कॅलेंडरे व जाहिरातदारांनी वाटलेल्या चिमुकल्या भेटवस्तू. प्रस्तुत शोधनिबंधात या वस्तूंचा इतिहासाचे साधन म्हणून विचार केला आहे. पाश्चात्त्य देशांत नभोवाणी केंद्राची स्मरणवस्तू केंद्रानेच तयार करून वाटली; अक्कलकोटसारख्या परिसरात मात्र ती मुख्यतः शासनाने, जाहिरातदाराने किंवा स्वतः श्रोत्याने निर्माण केली, असे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : नभोवाणी, रेडिओ सिलोन, विविधभारती, बिनाका गीतमाला, श्रोता संघ, भौतिक संस्कृती, अक्कलकोट.

प्रस्तावना

अक्कलकोटचा इतिहास लिहिताना दोन विषय प्रामुख्याने समोर येतात. पहिला म्हणजे भोसले घराण्याचे संस्थान आणि दुसरा श्री स्वामी समर्थांचे वास्तव्य. संस्थानचे शस्त्रसंग्रहालय प्रसिद्ध आहे. स्वामी समर्थांनी १८७८ मध्ये समाधी घेतल्यानंतरही या गावाचे तीर्थक्षेत्र म्हणून असलेले महत्त्व वाढतच गेले. राजसत्ता व धर्मजीवन यांची साधने जपली गेली, कारण त्यांचे मोल जपणाऱ्यांना पटलेले होते. परंतु १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यानंतर येथील शिक्षक, विणकर, हॉटेलचालक, शेतकरी व गृहिणी संध्याकाळी काय ऐकत होत्या, कोणाला पत्रे लिहीत होत्या, त्यांच्या करमणुकीचा भूगोल कोणता होता, या प्रश्नांची उत्तरे देणारी साधने कोणत्याही संग्रहालयात मांडलेली नाहीत. ती घराच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत किंवा रद्दीच्या गठ्ठ्यात आहेत. अशा साधनांचे स्वरूप, मूल्य व मर्यादा यांची चर्चा करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

उद्दिष्टे

१) अक्कलकोट परिसराच्या श्रवणक्षेत्राचे ऐतिहासिक स्वरूप स्पष्ट करणे.
२) लोकप्रिय संगीत प्रसारणाशी संबंधित वस्तूंचे वर्गीकरण करणे.
३) या वस्तूंचे ऐतिहासिक साधन म्हणून मूल्यमापन करणे.
४) स्थानिक पातळीवर त्यांच्या जतनाची दिशा सुचविणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून आवश्यक तेथे इंग्लंड व अमेरिकेतील नभोवाणीच्या इतिहासाशी तुलना केली आहे.

अक्कलकोटचे श्रवणक्षेत्र

भारतातील नियमित प्रसारणाचा आरंभ २३ जुलै १९२७ रोजी मुंबई येथे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राने झाला. ही खाजगी कंपनी १९३० मध्ये बंद पडली व प्रसारण शासनाकडे आले. १९३६ मध्ये त्यास ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. स्वातंत्र्याच्या वेळी देशात केवळ सहा केंद्रे होती व त्यांपैकी महाराष्ट्रात एकटे मुंबई होते. पुढे १९४८ मध्ये नागपूर व १९५३ मध्ये पुणे ही केंद्रे सुरू झाली.

अक्कलकोटला त्या काळी स्वतःचे प्रसारण केंद्र नव्हते. तथापि त्याचे भौगोलिक स्थान विशेष होते. संस्थानच्या सीमेला निजामाचे हैदराबाद राज्य लागून होते आणि लोकव्यवहारात मराठीबरोबर कन्नडही नांदत होती. हैदराबादचे निजामकालीन नभोवाणी केंद्र १ एप्रिल १९५० रोजी आकाशवाणीत समाविष्ट झाले. त्याच वर्षी धारवाड केंद्र सुरू झाले व १९६६ मध्ये गुलबर्गा केंद्राची त्यात भर पडली. रात्री मध्यम लहरी दूरवर पोहोचतात, हे ध्यानात घेतल्यास येथील श्रोत्यासमोर मराठी, कन्नड व उर्दू-हिंदी अशा तीन भाषांचे आकाश एकाच तबकडीवर उघडत होते, असे म्हणता येईल. लघुलहरींवर तर थेट कोलंबो लागत असे. १९६० मधील राज्यनिर्मितीने किंवा त्याआधीच्या भाषावार प्रांतरचनेने जमिनीवर सीमा आखल्या, पण रेडिओची सुई त्या सीमा मानत नव्हती. येथील श्रवणसंस्कृतीचा अभ्यास म्हणूनच केवळ मराठी प्रसारणाच्या चौकटीत करणे अपुरे ठरते.

‘जाहिरात’ या प्रश्नावरील वाद

भारतीय नभोवाणीच्या स्मरणवस्तूंचे वेगळेपण समजण्यासाठी १९५२ मधील एका वादाकडे पाहावे लागते. त्या वर्षी डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. १९६२ पर्यंत ते या पदावर होते. शास्त्रीय संगीताला त्यांनी दिलेले प्रोत्साहन आणि चित्रपटगीतांविषयीची त्यांची नापसंती सर्वश्रुत आहे. केसकरांनी चित्रपटगीतांवर बंदी घातली, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. प्रत्यक्षात घटनाक्रम काहीसा अधिक गुंतागुंतीचा होता. आकाशवाणीने चित्रपटगीतांचे प्रमाण कमी केले, त्यांची छाननी सुरू केली आणि गीतासोबत चित्रपटाचे नाव सांगणे बंद केले. चित्रपटाचे नाव उच्चारणे म्हणजे त्याची फुकट जाहिरात करणे, अशी यामागील भूमिका होती. निर्मात्यांना हे मान्य झाले नाही व त्यांनी गीते वाजविण्याची परवानगी काढून घेतली. परिणामी चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली.

हा वाद केवळ अभिरुचीचा नव्हता. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या माध्यमाने कोणाचीही जाहिरात करावी काय, हा त्याचा गाभा होता. ही भूमिका तत्त्वतः गैर म्हणता येणार नाही. पण तिचा एक परिणाम असा झाला की, जे माध्यम जाहिरातीपासून दूर राहू पाहत होते त्याने स्वतःची जाहिरात करण्याचीही सवय लावून घेतली नाही. बिल्ले, चिकटचित्रे, गीतक्रमाची पत्रके अशा प्रचारवस्तू काढण्याचे कारणच त्याला नव्हते.

रेडिओ सिलोन, विविधभारती व श्रोत्यांचा पत्रव्यवहार

आकाशवाणीने सोडलेली जागा रेडिओ सिलोनने घेतली. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमांडसाठी सिलोनमध्ये शक्तिशाली लघुलहर प्रक्षेपक उभारण्यात आला होता. युद्धानंतर तो सिलोन सरकारकडे आला आणि त्याच यंत्रणेवरून व्यापारी प्रसारण सुरू झाले. सैनिकांसाठी उभारलेल्या यंत्राने पुढे भारतीय उपखंडातील घराघरांत चित्रपटगीते पोहोचविली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होत, त्यांच्या फिती विमानाने कोलंबोला जात व तेथून प्रसारित होत.

यांतील सर्वांत प्रसिद्ध कार्यक्रम म्हणजे ‘बिनाका गीतमाला’. सीबा कंपनीच्या बिनाका टूथपेस्टने प्रायोजित केलेला हा कार्यक्रम डिसेंबर १९५२ मध्ये सुरू झाला. बुधवारी रात्री आठ ही त्याची वेळ एका संपूर्ण पिढीच्या अंगवळणी पडली. आरंभी श्रोत्यांनी सात गीते कालक्रमाने लावून पाठवावीत, असे त्याचे स्पर्धात्मक स्वरूप होते. पुढे लोकप्रियतेनुसार गीतांची क्रमवारी देण्यास सुरुवात झाली. त्यासाठी ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीबरोबर श्रोता संघांची मतेही विचारात घेतली जात. निवेदक अमीन सयानी यांनी वेळोवेळी सांगितल्यानुसार पहिल्या कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली व पुढे हा आकडा आठवड्याला ६५,००० पर्यंत गेला. झुमरी तलैया या लहानशा गावाचे नाव केवळ फर्माईशींच्या पत्रांमुळे देशभर पोहोचले. लहान गावाला आपले नाव उच्चारले जाण्याची संधी या माध्यमाने प्रथमच दिली, हा त्याचा सामाजिक अर्थ आहे.

आकाशवाणीनेही आपली दिशा बदलली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती सुरू झाली व चित्रपटगीतांना पुन्हा हक्काचे स्थान मिळाले. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून व्यापारी प्रसारणास प्रारंभ झाला. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी ज्या जाहिरातीवरून वाद झाला, तीच शासकीय प्रसारणात अधिकृतपणे आली. मराठी श्रोत्यांसाठी मुंबई केंद्राचा ‘आपली आवड’ हा कार्यक्रम याच फर्माईश-संस्कृतीचा भाग होता. पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर प्रसारित केलेल्या ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’ने तर लोकप्रियता व अभिजातता यांच्यात विरोध मानण्याचे कारण नाही, हे दाखवून दिले. त्याचे शब्द वृत्तपत्रांतून छापले जात व १९५७ मध्ये ते पुस्तकरूपानेही आले. ऐकलेले हाती धरून ठेवण्याची श्रोत्याची ओढ त्यातून स्पष्ट होते.

वस्तूंचे वर्गीकरण

या श्रवणसंस्कृतीच्या भौतिक अवशेषांचे त्यांच्या निर्मात्यानुसार चार गट करता येतात.

(अ) शासननिर्मित वस्तू : यांत प्रमुख स्थान रेडिओ परवाना-पुस्तिकेचे आहे. घरात रेडिओ ठेवण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे व दरवर्षी शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करावे लागे. पुस्तिकेत परवानाधारकाचे नाव, यंत्राचा तपशील, शुल्काची तिकिटे व टपाल कार्यालयाचे शिक्के असत. १९८० च्या दशकात ही परवाना पद्धती संपुष्टात आली. याच गटात आकाशवाणीच्या कार्यक्रमपत्रिका येतात. १९२७ चे ‘इंडियन रेडिओ टाइम्स’, त्यानंतरचे ‘इंडियन लिसनर’ व १९५८ पासूनचे ‘आकाशवाणी’ हे नियतकालिक ही त्यांची परंपरा होय.

(आ) जाहिरातदार व विक्रेते यांच्या वस्तू : बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातून निघणारी प्लॅस्टिकची चिमुकली प्राणी-पक्ष्यांची खेळणी १९७० च्या दशकातील मुलांनी हौसेने जमविली. मर्फी रेडिओच्या जाहिरातीतील ओठांवर बोट ठेवलेले बाळ कॅलेंडरांच्या रूपाने घराघरांत व दुकानांत पोहोचले. रेडिओ विक्रेत्यांच्या पावत्या, हमीपत्रे व यंत्रासोबतची माहितीपत्रके यांचाही येथे समावेश करावा लागेल.

(इ) केंद्रनिर्मित वस्तू : यांत मुख्यतः पोहोचपत्रे येतात. दूरच्या श्रोत्याने प्रसारण कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी व किती स्पष्ट ऐकू आले याचा अहवाल पाठविल्यास केंद्र त्याची खातरजमा करून छापील कार्ड पाठवीत असे. हा गट संख्येने लहान आहे. तांत्रिक आवड असणाऱ्या श्रोत्यांपुरताच तो मर्यादित राहिला.

(ई) श्रोतानिर्मित वस्तू : हा गट सर्वांत महत्त्वाचा आहे. अनेक श्रोते गीतमालेतील दर आठवड्याची क्रमवारी वहीत उतरवून घेत. आवडत्या गीतांचे शब्द ऐकता ऐकता लिहिलेल्या वह्या, श्रोता संघांचे रबरी शिक्के व पत्रशीर्षे, फर्माईशीच्या पत्रांचे कच्चे मसुदे यांचा या गटात समावेश होतो.

तुलनात्मक दृष्टी

इंग्लंडमधील श्रोत्यांसाठी रेडिओ लक्झेंबर्गवरून १९३५ पासून प्रसारित झालेल्या ‘ओव्हल्टिनीज’ या बालकार्यक्रमाने सभासदांना बिल्ले व नियमपुस्तिका दिल्या. अमेरिकेत शिकागोच्या डब्ल्यूएलएस केंद्राने १९६० पासून लोकप्रिय गीतांचे साप्ताहिक छापील पत्रक काढले व ते ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांतून विनामूल्य वाटले. या पत्रकांना आज संग्राहकांच्या दृष्टीने मोल आहे आणि संगीताच्या इतिहासकारांनाही ती उपयुक्त ठरतात.

गीतमालेची क्रमवारी मात्र प्रामुख्याने उच्चारलेली होती. तिचे पत्रक श्रोत्याच्या हाती पडत नव्हते. ते श्रोत्याने स्वतः तयार केले. शिकागोच्या श्रोत्याला स्मरणवस्तू फुकट मिळाली, तर अक्कलकोट, बार्शी किंवा झुमरी तलैया येथील श्रोत्याला ती शाई व वेळ खर्चून घडवावी लागली. त्यामुळे छापील पत्रकापेक्षा श्रोत्याच्या वहीचे साधनमूल्य अधिक आहे. पत्रक केंद्राने काय सांगितले एवढेच दाखविते. वही मात्र कोणी ऐकले, किती सातत्याने ऐकले, हिंदी-उर्दू शब्द मराठी किंवा कन्नड कानाने कसे टिपले व कोणत्या आठवड्यात नोंद राहून गेली हेही दाखविते. गाळलेला आठवडासुद्धा येथे पुरावा ठरतो. तो परीक्षेचा असू शकतो, सुगीचा असू शकतो किंवा घरातील दुःखाचाही असू शकतो.

साधनांच्या मर्यादा

या वस्तूंविषयी स्मरणरंजनाचा मोह आवरणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा प्रातिनिधिकतेची आहे. परवान्यांची संख्या म्हणजे श्रोत्यांची संख्या नव्हे. एका यंत्राभोवती वाडा किंवा आळी जमत असे. हॉटेलातील एका रेडिओवर कितीतरी माणसे गाणी ऐकत. शिवाय विनापरवाना यंत्रेही होती. पुणे केंद्राने युनेस्कोच्या सहकार्याने १९५६ मध्ये पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत चालविलेल्या शेतकरी श्रोता मंडळांच्या प्रयोगानेही सामूहिक श्रवणाचे महत्त्व अधोरेखित केले होते.

दुसरी मर्यादा वर्ग व लिंगभेदाची आहे. परवाना बहुधा घरातील कर्त्या पुरुषाच्या नावे असे. पत्र लिहिणारा साक्षर असे. स्वयंपाक करता करता ऐकणारी गृहिणी किंवा दुकानाबाहेर उभा राहून ऐकणारा मजूर यांचा कागदोपत्री माग राहत नाही. त्यांच्यासाठी मौखिक इतिहासाचाच आधार घ्यावा लागतो.

तिसरी मर्यादा अर्थनिश्चितीची आहे. बिनाकाचे खेळणे वस्तुतः टूथपेस्टच्या विक्रीसाठी होते, रेडिओ केंद्राच्या प्रसिद्धीसाठी नव्हे. खेळणे व गीतमाला यांना जोडणारा दुवा त्या प्लॅस्टिकवर छापलेला नाही. तो ज्यांनी दोन्ही एकाच घरात अनुभवले त्यांच्या स्मरणात आहे. स्मरण संपले की ती वस्तू केवळ एक प्लॅस्टिकचा हत्ती उरते. तलवारीवर घराण्याची मुद्रा असते, ताम्रपटावर मजकूर असतो. या वस्तू मात्र मुक्या आहेत. म्हणूनच वस्तू मिळविण्याइतकेच तिच्याविषयीचे निवेदन मिळविणे महत्त्वाचे ठरते.

जतनाचा प्रश्न

गीतमाला १९८९ मध्ये विविधभारतीवर आली व १९९४ मध्ये तिची मुख्य मालिका थांबली. तोवर तिच्या नावातील ‘बिनाका’चे ‘सिबाका’ झाले होते. अमीन सयानी यांचे २० फेब्रुवारी २०२४ रोजी निधन झाले. १९५२ मध्ये पंधरा वर्षांचा असलेला श्रोता आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. म्हणजे वस्तूंना अर्थ देऊ शकणारी पिढी आपल्या डोळ्यांसमोर संपत आहे. श्रोत्यांची पत्रे एकाच दिशेने, गावाकडून मुंबई-कोलंबोकडे गेली. आठवड्याला हजारोंच्या संख्येने येणारी ती पत्रे कायम सांभाळणे कोणत्याही कार्यालयाला शक्य नव्हते. त्यामुळे या संवादातील श्रोत्याची बाजू समजून घ्यायची तर त्याच्या घरी उरलेल्या कागदांशिवाय दुसरा आधार नाही.

हे काम मोठ्या निधीवाचून होण्यासारखे आहे. महाविद्यालयाचा इतिहास विभाग व राष्ट्रीय सेवा योजना यांनी मिळून परिसरातील कुटुंबांत अशा वस्तूंची नोंद करता येईल. मूळ वस्तू कुटुंबाकडेच ठेवून तिचे छायाचित्र घ्यावे. नोंदपत्रात वस्तूचा प्रकार, अंदाजे काळ, ती घरात कशी आली, कोणती केंद्रे व कोणत्या भाषांतील कार्यक्रम ऐकले जात, या बाबी असाव्यात. पुस्तिकेवरील शिक्के व तिकिटे यांवरून काळ ठरविता येतो, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिकविता येईल. खाजगी पत्रे व नावे यांच्या बाबतीत कुटुंबाची लेखी संमती घेणे बंधनकारक मानावे. मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत निवेदने नोंदविली नाहीत, तर या सीमावर्ती परिसराचे अर्धेच चित्र हाती येईल.

निष्कर्ष

१) अक्कलकोट परिसराचे श्रवणक्षेत्र बहुभाषिक होते व ते प्रशासकीय सीमांपेक्षा लहरींच्या पल्ल्याने ठरत होते.
२) जाहिरातीविषयीच्या शासकीय भूमिकेमुळे भारतात केंद्रनिर्मित प्रचारवस्तूंची परंपरा क्षीण राहिली. तिची जागा परवाना-पुस्तिका, जाहिरातदारांच्या भेटवस्तू व श्रोत्यांच्या वह्या यांनी घेतली.
३) या सर्वांत श्रोतानिर्मित वस्तूंचे साधनमूल्य सर्वाधिक आहे, कारण त्यांत प्रसारण व ग्रहण या दोन्ही प्रक्रियांचा पुरावा एकत्र मिळतो.
४) या वस्तू स्वतः बोलत नाहीत. संबंधित व्यक्तींच्या निवेदनाची जोड मिळाल्यासच त्यांना ऐतिहासिक साधनाचा दर्जा प्राप्त होतो.

शस्त्रागारातील तलवार आणखी शंभर वर्षांनीही तलवार म्हणून ओळखता येईल. वाळवी लागलेली गीतांची वही आणि तिच्या मालकाची आठवण यांना तेवढा अवधी नाही. सामान्य माणसाचा इतिहास लिहावयाचा असेल, तर रद्दीत जाणाऱ्या या कागदांची नोंद घेण्याचे दायित्व स्थानिक महाविद्यालयांनी स्वीकारणे अगत्याचे आहे.